खास साचा

६ जानेवारी, सोमवार

वही आणली. आणली म्हणजे ऑफिसच्या कपाटात पडलेली उचलली. श्रद्धाचं म्हणणं, "मॅडम, रोज जे शिकाल ते हाताने लिहा, तरच डोक्यात बसतं." श्रद्धा माझी नवी गुरू. वर्ध्याची आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ती बहुधा बालवाडीत डबा खात असेल.

आमची टेस्टिंगची टीम बंद झाली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढल्या. आता मार्चपर्यंत सी प्लस प्लस शिकून स्वतः प्रोग्रॅम लिहून दाखवायचा, नाहीतर "आपण बसून बोलू," असं मॅनेजर म्हणाला. ते बसून बोलणं कसलं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

पण मनाला लागलेली काळजी ती नाही. काळजी बाबांची आहे. दिवाळीच्या आधीपासून ते विसरायला लागलेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की आधी गोष्टी विसरतील, मग माणसं. आईने ते मला फोनवर सांगितलं. बाकी काय विसरायचं ते विसरू देत. मला विसरू नयेत. एवढंच मागणं आहे, आणि ते कोणाकडे मागायचं ते कळत नाही.

म्हणून गुलटेकडीला आईबाबांकडे गेले की मी आधी तेच तपासते. टेस्टरची सवय. तपासणी सोपी आहे. बाबांनी टोमणा मारला की मी पास. मार्केट यार्डाजवळच्या बँकेत काउंटरवर त्यांचा जन्म गेला. तिथे पाठीवर पोतं वाहणाऱ्या हमालालाही "आपण बसा, टोकन आलं की मी बोलावतो" म्हणायचे. सगळ्या जगाशी असे. घरी माझ्याशी मात्र कधी सरळ बोलले नाहीत. शाळेतून आल्यावर मी बेलवर बोट ठेवलं की काढायचे नाही, आणि आतून आवाज यायचा, "दाब अजून. वरच्या मजल्यावरचे एकटेच उठायचे राहिलेत." ते ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं.

८ जानेवारी, बुधवार

टेम्प्लेट. माझ्या शब्दांत लिहिते.

एकच काम अनेक प्रकारच्या वस्तूंवर करायचं असेल, तर प्रत्येक प्रकारासाठी वेगळं लिहीत बसायचं नाही. एकदाच साचा लिहायचा आणि प्रकाराची जागा मोकळी सोडायची. मग वापरताना तुम्ही जे हातात द्याल, पूर्णांक, अपूर्णांक, शब्द, काहीही, त्यावरून कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, स्वतःच प्रकार ओळखतो आणि साच्यातून तसं काम काढतो. या ओळखण्याला टाइप डिडक्शन म्हणतात.

मी विचारलं, त्याने चुकीचं ओळखलं तर?

"तो नाही चुकत मॅडम. तुम्ही काय दिलं तेवढंच बघतो. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कसं समजणार?"

आणखी एक. साच्यात नुसतं मूल्य घेतलं, तर वस्तूची प्रत आत जाते. ही मूळचीच वस्तू आहे, हिला बदलायचं नाही, ही तिची ओळख बाहेर गळून पडते. श्रद्धा म्हणाली, "चपला दाराबाहेर काढून आत जातो ना मॅडम, तसं." हे मात्र डोक्यात बसलं.

११ जानेवारी, शनिवार

आज बाबांनी कमाल केली.

दिवाळीपासून माझ्याकडे लॅचची किल्ली आहे. आईचे गुडघे, बाबांची दुपारची झोप, म्हणून बेल वाजवायची नाही असं आईचं फर्मान. तशी आत गेले. बाबा पेपर वाचत होते. मला पाहिलं, पेपर घडी करून ठेवला आणि चक्क उठून उभे राहिले. वेताची खुर्ची पुढे ओढली.

"या, बसा. लांबून आलात का?"

मी ओळखलं. गेल्या शनिवारी आले नव्हते ना, त्याची शिक्षा. आमच्या घरात राग आला की कोणी ओरडत नाही, माणसाला पाहुण्यासारखं वागवतात. नववीत गणितात नापास झाले तेव्हा आठवडाभर मला ताटावर "बाईसाहेब, आपल्याला भात वाढू का?" ऐकावं लागलं होतं. दोन थपडा परवडल्या असत्या.

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, "धायरीहून आले. आपल्याला त्रास तर नाही ना दिला?"

"छे, छे. धायरी म्हणजे पूर्वी गाव हो. सिंहगडावर जाताना लागायचं. आता काय, इमारतीच इमारती असतील." आणि आत वळून, "अहो, ऐकलंत का? पाहुण्यांना पाणी आणा."

आईने पाणी आणलं. काचेच्या ग्लासात, ट्रेमध्ये. ट्रे थरथरत होता. म्हणाली, गुडघा धरलाय. मी पाणी पिऊन "आभारी आहे" म्हटलं, तर बाबा अदबीने मान लववून हसले. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता इतका वेळ नाटक करणं सोपं नाही. ज्याचा मेंदू चालतो तोच करू शकतो.

टेस्ट पास. येताना रिक्षात एकटीच हसत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अर्धी रजा टाकून गेले. दरवर्षी बाबा तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवताना म्हणतात, "घे. पण हिला गुण येत नाही, अनुभव आहे." यंदा दोन्ही हातांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी नमस्काराला वाकले तर पाय मागे घेतले. "अहो, नको नको. असू दे."

"बाबा, आता अति होतंय हं," मी म्हटलं आणि हसायला लागले. मला हसताना बघून तेही हसले. छान हसले. कितीतरी दिवसांनी असं मोकळं हसताना पाहिलं.

आई हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज काहीही कंपाइल झालं नाही. एक अर्धविराम चुकला आणि पडदाभर शिव्या. टेम्प्लेटमधली चूक कंपायलर अशी सांगतो की वाचणाऱ्याला आपण जन्माला का आलो असं वाटावं. केस रंगवणं दिवाळीतच सोडलं ते बरं झालं, नाहीतर सगळी मेहनत आज पांढरी झाली असती.

२२ जानेवारी, बुधवार

आज नवा धडा: स्पेशलायझेशन. सगळ्यांसाठी एक साचा असतोच. पण एखाद्या प्रकाराला त्या साच्यातून काढून चालत नाही, त्याचं सगळंच वेगळं असतं. मग फक्त त्याच्यासाठी खास साचा लिहायचा. तो प्रकार समोर आला की कंपायलर सगळ्यांसाठीचा साचा बाजूला ठेवतो आणि खास साचा वापरतो. बाकी जग आपलं नेहमीच्या साच्यातून जातं.

मी श्रद्धाला म्हटलं, हे मला शिकवायला नको. आमच्या बाबांचे दोन साचे आहेत, एक जगासाठी आणि एक फक्त माझ्यासाठी.

ती हसली. "हे भारी आहे मॅडम. पुढच्या बॅचला सांगीन."

मग मी तिला सध्याची गंमत सांगितली, की बाबा मला मुद्दाम जगाचा साचा लावतायत. तिचं हसू थांबलं. "किती दिवसांपासून करून राहिले मॅडम ते?"

"झाले दहा-बारा दिवस."

"मधे एकदाही नाही मोडलं?"

मी म्हटलं, तू वर्ध्याची, तुला पुणेरी माणूस माहीत नाही. थट्टा लांबवण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही. ती बरं म्हणाली आणि चहा आणायला गेली. मशीनवर दोन चहा एका वेळी निघतात, तरी तिला बराच वेळ लागला.

२६ जानेवारी, रविवार

शौनकचा बंगळूरहून फोन. माझा धाकटा भाऊ. वयाने धाकटा, सल्ले देण्यात थोरला. म्हणतो, बाबांसाठी दिवसभराचा माणूस ठेवू या, आई दमली आहे. मी म्हटलं, कशासाठी? बाबा सुधारतायत.

"आई तसं म्हणत नाही."

"आई काळजीखोर आहे. मी बघते ना दर आठवड्याला. नव्या गोळ्या लागू पडल्यात. उलट आता किती गोड वागतात."

"मला फोनवर ओळखतात," तो म्हणाला. "आई नुसतं 'शौनकचा फोन' म्हणाली तरी लगेच, 'वेळ मिळाला का साहेबांना?' तुला ओळखतात ना गं?"

"मला? माझी तर ते फिरकी घेतात."

तो म्हणाला, "ठीक आहे, तू म्हणतेस तर." हे 'तू म्हणतेस तर' मला अजिबात आवडलं नाही. लांब राहून शंका काढायला काय जातं. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्याला फोनवरून टोमणा, आणि मी प्रत्यक्ष जाते तर मला वेताची खुर्ची. हेवा वाटावा अशी गोष्ट नाही, पण वाटला.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज बाबा मला सोडायला खाली आले. जिन्याचा कठडा धरून, एक एक पायरी. आयुष्यात मला सोडायला कधी उंबऱ्यापर्यंतही आले नव्हते. कॉलेजच्या सहलीला निघाले होते तेव्हा खुर्चीतूनच म्हणाले होते, "जा. घर जरा शांत होऊ दे."

फाटकाशी उभे राहिले. रिक्षावाल्याला म्हणाले, "बाईंना सावकाश न्या." मग माझ्याकडे वळून, "येत जा. आपण आलात की बरं वाटतं. हल्ली आमच्याकडे कोणी येत नाही."

मला एकदम भरून आलं. नाटकातही कधीकधी माणूस खरं बोलून जातो. मी हात धरला त्यांचा. त्यांनी धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत. थंडी होती, मफलरही नव्हता घातला.

वर बघितलं तर आई गॅलरीत उभी होती. मी हात हलवला. तिने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी पहिल्यांदा एक खरी चूक शोधली, आणि नुसती शोधली नाही, तर समजली.

आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबच्या यंत्रांसाठी असतं. यंत्राने मोजलेला आकडा घ्यायचा आणि रिपोर्टवर छापायचा, हे साच्याचं काम. पण काही वेळा नमुनाच खराब असतो आणि मोजमाप होऊ शकत नाही. त्या प्रकारासाठी मी खास साचा लिहिला होता. त्याने आकडा छापायचा नाही, 'मोजता आले नाही' असं छापायचं. चाचणीत एका रिपोर्टवर तिथे व्यवस्थित शून्य छापून येत होतं. दोन दशांश स्थळं, स्वच्छ, सुरेख. आठवडाभर कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण ते इतकं नीटनेटकं दिसत होतं.

श्रद्धा आणि मी ओळ न् ओळ बघितली. खास साचा होता. बरोबर होता. पण तो दुसऱ्या फाइलमध्ये होता, आणि जिथून हाक जात होती तिथून तो दिसतच नव्हता. मग कंपायलरने काय करावं? त्याच्यापुढे होता तो सगळ्यांसाठीचा साचा त्याने वापरला. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्याच्या बाजूने काही चुकलंच नव्हतं.

श्रद्धा म्हणाली, "एरर येते ती चूक बरी मॅडम. ती ओरडते तरी. ही अशी शांत चूक लय वाईट."

मी एका ओळीत दुरुस्त केलं. 'मोजता आले नाही' छापून आल्यावर आम्ही दोघींनी टाळी दिली. शनिवारी बाबांना सांगणार. म्हणतील, 'चूक तूच केलीस आणि तूच शोधलीस, यात पराक्रम कुठला?' ऐकायला कान तयार आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहिता येईल का बघते.

किल्लीने दार उघडलं. बाबा उठले, खुर्ची दिली. मी म्हटलं, बाबा, आज नाटक राहू दे, मला सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. साचा, खास साचा, शून्य, टाळी. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, काउंटरवर ऐकायचे तसं, थोडं पुढे झुकून.

"वा, छान," ते म्हणाले. "आमची मुलगीही कॉम्प्युटरमध्येच आहे."

मी हसले. म्हटलं, "हो का? कशी आहे ती?"

"तशी हुशार आहे. तिला सांगू नका मी म्हटलं म्हणून, डोक्यावर बसेल." त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, ओठ एका बाजूला मुडपलेलं. माझ्यासाठीचं हसू. मी दिवाळीपासून ते पाहिलं नव्हतं, हे मला ते पाहिल्यावर कळलं. "बेल अशी वाजवते की अख्खी बिल्डिंग जागी व्हावी. पण बऱ्याच दिवसांत आली नाही हो. कुसुम, ऋचा दिवाळीला तरी आली होती का गं?"

स्वयंपाकघरात आईने गॅस बंद केला. तेवढाच आवाज.

"बाबा, पुरे आता," मी म्हटलं. आवाज चढला असणार. "पुरे म्हटलं ना. बस झाली थट्टा."

ते घाबरले. खुर्चीत मागे सरकले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर माफ करा."

बाबांनी माझी माफी मागितली. हात जोडून. मी म्हटलं, "नाही, आपलं काही नाही चुकलं."

९ फेब्रुवारी, रविवार

आईशी बोलले. खरं तर भांडले.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"तू पहिल्यांदा खुर्चीवर बसून हसलीस तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू हसत होतीस गं. येताना तोंड एवढंसं करून यायचीस आणि जाताना हसत जायचीस. ते माझ्याच्याने मोडवलं नाही." ती चिरलेली भाजी पुन्हा चिरत होती. "आणि तेही खुलायचे. शुक्रवारपासून विचारायचे, त्या हसऱ्या बाई उद्या येणार ना म्हणून. एवढं तरी राहू दे म्हटलं."

विनोद उशिरा कळतात ते मलाच.

इतकी वर्षं पगार घेतला तो चुका शोधण्याचा. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातात पाण्याचा ग्लास देऊन, इतकी व्यवस्थित, इतकी सभ्य चूक चालली होती, आणि मी तिला पास करत होते. मला खूप वाईट वाटतंय. याहून वेगळं काही लिहायला सुचत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साच्याला प्रकार ओळखू द्यायचा नसेल, तर टोकदार कंसात आपणच तो लिहून द्यायचा. मग कंपायलर ओळखायच्या भानगडीत पडत नाही, सांगितलं ते मानतो. हे मागच्या आठवड्यात शिकले होते.

म्हणून आज ऑफिसनंतर गेले, त्यांच्यासमोर बसले आणि सरळ सांगितलं, "बाबा, मी ऋचा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. केस पाहिले, चष्मा पाहिला. मग समजूतदारपणे मान हलवली. "हो का. चांगलं नाव आहे. आमच्या मुलीचंही तेच."

"मीच ती, बाबा."

समोरचा माणूस चुकतोय पण तोंडावर सांगू नये, अशा वेळी काउंटरवर जसं बघायचे तसं ते बघत राहिले. फार सज्जन नजर होती. मग थकले आणि डोळे मिटले. शौनकचं नाव घेतलं की चालतं, कारण तो समोर नसतो. माझ्या नावाच्या आड माझाच चेहरा येतो. त्यांची ऋचा काळ्याभोर केसांची, वीस-बावीसची असणार.

निघताना किल्ली आईच्या टेबलावर ठेवून आले. परक्या बाईने किल्लीने दार उघडून आत यावं आणि त्यांनी दर वेळी उठून तिला खुर्ची द्यावी, हे मला आता जमणार नाही.

हे लिहायच्या आधी श्रद्धाला फोनवर सगळं सांगताना रडू आलं नव्हतं. तिने "हं" म्हटलं तेव्हा आलं. ती म्हणाली, "रडून घ्या मॅडम. मलाही तेव्हाच शंका आली होती, पण माझ्याच्याने बोलवलं नाही."

कोणाच्यानेच बोलवलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जाऊ नये असं वाटत होतं. तरी पाय गेले.

किल्ली नाही. दारापुढे उभी राहिले आणि बेल दाबली. मनात काहीच नव्हतं, बोट तसंच राहिलं. सवय. बेल वाजतच राहिली.

आतून आवाज आला.

"दाब अजून. वरच्या मजल्यावरचे एकटेच उठायचे राहिलेत."

मी बोट काढलं. तोच आवाज, तीच चढण, शेवटच्या शब्दावर तोच झटका. काठीची टकटक दाराकडे येत होती. "आलो, आलो. दार पळून नाही चाललं." मी पदर नाही म्हणून ओढणीनेच डोळे पुसले, केस मागे सारले, शाळेतून आल्यासारखी उभी राहिले.

दार उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे जिन्यात पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि मग ओठाची ती मुडप हळूच सरळ झाली.

"अरे, आपण होय? या, या. माफ करा हं, मला वाटलं आमची मुलगी आली." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना. ती येईलच एवढ्यात."

मी बसले. पाणी प्यायले. ती आली नाही म्हणून ते मधूनमधून दाराकडे बघत होते आणि मीही बघत होते.

१ मार्च, शनिवार

काल मॅनेजरने बोलावलं. बसून बोललो. श्रद्धाच्या टीममध्ये घेतलं मला. श्रद्धाने पेढा आणला आणि माझ्याच टेबलावर बसून त्यातला अर्धा स्वतः खाल्ला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण हे सांगायला एकच माणूस हवा होता.

आज आईला आधी फोन करून ठेवला होता. ती म्हणाली, "ये. बघते मी."

जिना चढले. बेलवर बोट ठेवलं आणि काढलं नाही.

"दाब अजून," आतून आवाज. "वरच्या मजल्यावरचे एकटेच उठायचे राहिलेत."

"बाबा, उघडा ना लवकर. पाय दुखतायत."

"मग बस पायरीवर. पायऱ्या कशाला बांधल्यात?"

काठी दाराशी आली. कडीचा आवाज झाला, आणि मग आईचा, "अहो, थांबा जरा. कडी अडकलीये. मी तेल आणते." आमची कडी कधी अडकत नाही. आई तेल आणायला गेली ती गेलीच.

मी दाराला कपाळ टेकलं. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, मला नव्या टीममध्ये घेतलं."

"घेतलं?" ते म्हणाले. "का? त्यांची काय एवढी अडचण झाली होती?"

मी हसले. तोंडावर हात ठेवून हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम. आत ऐकू जाऊ दिलं नाही.

"आणि जेवलीस का नाही? आवाज बघ कसा झालाय. घसा बसलाय का?"

"नाही बाबा. जिना चढून आले म्हणून."

"जिना चढलीस म्हणजे हिमालय नाही चढलीस. तुझी आई तेलाची गिरणी घालायला गेलीये बहुतेक. थांब, मीच बघतो."

"राहू दे ना बाबा. घाई नाही."

"मला आहे," ते म्हणाले. "केव्हाची वाट बघतोय तुझी."

मी काही बोलायच्या आत त्यांनी कडी सरकवली. दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मागे रिकाम्या जिन्यात पाहिलं.

"या, या," ते म्हणाले. "आपण बराच वेळ उभ्या होतात का?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ताच आले."